एकाच चेकवर लाखो डॉलर

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या निवडणूक फंडाबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं म्हणून हे पत्र. तिथे एका माणसाने राज्याच्या पार्टीला, म्हणजे पक्षाच्या राज्य शाखेला, वर्षाला 10 हजार डॉलरच द्यायचे असा नियम आहे, ऐकायला बरं वाटतं, पण राष्ट्रीय पार्टी, उमेदवार आणि कितीतरी राज्यांच्या पार्ट्या मिळून पैसा गोळा करायला एकच जॉइंट कमिटी काढतात आणि श्रीमंत देणगीदार एकच मोठा चेक फाडतो. 2014 मध्ये मॅककचन केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका माणसाने सगळ्यांना मिळून द्यायच्या एकूण देणगीवरची मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे 2016 ला हिलरी क्लिंटन यांच्या व्हिक्टरी फंड नावाच्या अशाच जॉइंट कमिटीत 32 राज्यांच्या पार्ट्या होत्या, प्रत्येकी 10 हजार म्हणजे तिथेच 3 लाख 20 हजार झाले!

खरी गोम पुढेच आहे. राज्याच्या पार्टीने तो पैसा राष्ट्रीय पार्टीकडे वळवला तर त्यावर कायद्यात काहीच लिमिट नाही, आणि तेव्हा बराच पैसा तसाच वर गेला. मग गावपातळीवर राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातात काय उरतं? डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघेही हेच करतात, म्हणून कोणी बोलत नाही. निदान या ट्रान्सफरवर तरी मर्यादा घाला, एवढी साधी मागणी तिथल्या मराठी मतदारांनीही अमेरिकी संसदेतल्या (काँग्रेसमधल्या) आपापल्या सदस्याकडे लावून धरावी.

- एक वाचक, पुणे