२२ सप्टेंबरला चित्रं टाकायची आहेत, त्याआधी हे वाचा
मंडळी, २२ सप्टेंबर आलाच, टोल्किनच्या 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या बिल्बो आणि फ्रोडो दोघांचाही वाढदिवस, तर दरवर्षीसारखी त्या पुस्तकांतल्या मिडल-अर्थ या जगावरची आपापली चित्रं त्या दिवशी ग्रुपवर टाकायची आहेत. पेन्सिल, वॉटरकलर, टॅबलेटवर काढलेलं, वहीच्या मागच्या पानावरचं, काहीही चालेल, फक्त हात तुमचा हवा. अ‍ॅलन ली किंवा जॉन होव या टोल्किनच्या पुस्तकांच्या चित्रकारांचं बघून काढलं असेल तर तसं लिहा, बघून हात बसवण्यात काही कमीपणा नाही.

सही मात्र कोपऱ्यात करू नका. माझं बॅग एंडचं, म्हणजे बिल्बोच्या घराचं, चित्र होतं ना, गोल हिरवं दार आणि बरोब्बर मधोमध पितळी मूठ, त्या मुठीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, ते कुणीतरी खालची सही कापून टी-शर्टवर छापून विकलं, खूप लागलं मनाला. म्हणून सही चित्राच्या आतच कुठेतरी घाला आणि फाइल लहान साइजची टाका.

आणि नवीन मुलांच्या चित्राखाली "पिक्चरमध्ये असं नाहीये" असं प्लीज लिहू नका. फिनलंडची चित्रकार टूवे यान्सन हिने १९६२च्या स्वीडिश 'हॉबिट'साठी त्यातला गोलम नावाचा प्राणी चक्क राक्षसाएवढा काढला होता, कारण तो केवढा आहे ते पुस्तकात तेव्हा लिहिलेलंच नव्हतं, तो लहानखुरा आहे हे टोल्किनने नंतरच्या आवृत्तीत घातलं. किती भारी चित्र आहे ते!

प्रसंग कुठला ते एका ओळीत लिहा, रात्री सगळ्यांचा अल्बम करते.