डब्यावरील माहिती न कळवता बदललेल्या ग्रीसबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या लाल ‘हेवी ड्यूटी’ ग्रीसच्या वापरानंतर ट्रकच्या मागील डाव्या चाकाच्या हबमध्ये (बेअरिंग बसते त्या मधल्या भागात) झालेला बिघाड.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज सकाळी चौथ्यांदा बोलणे झाले. पाचव्यांदा बोलण्याची इच्छा उरली नाही, म्हणून हे पत्र.

मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला न्यायची आणि परतीला गूळ, कांदा, जे भाडे मिळेल ते आणायचे, हा माझ्या सहाचाकी ट्रकचा धंदा आहे. बर्फाचे खारे पाणी वाटभर मागच्या चाकांवर गळत असते आणि घाट उतरल्यावर हबला हात लावता येत नाही. साधे कॅल्शियमचे ग्रीस पाणी सोसते, पण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. सोडियमचे उष्णता सोसते, पण पाण्यात धुऊन जाते. म्हणूनच मी दोन्ही सोसणारे आपले लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय ३ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे घट्टपणाची श्रेणी) ग्रीस वापरत आलो, ज्याच्या डब्यावर ड्रॉपिंग पॉइंट, म्हणजे ग्रीस वितळून थेंब पडू लागतो ते तापमान, २६० अंश असे स्पष्ट छापलेले असे.

मासेमारीबंदी उठण्याच्या तोंडावर, जुलैअखेरीस घेतलेल्या ३ किलोच्या डब्यावर नाव तेच आहे, आतल्या ग्रीसचा रंगही तोच आहे. सोपचा (तेलाला घट्टपणा देणाऱ्या कॅल्शियम, सोडियम, लिथियम अशा घटकाचा) प्रकार, ग्रेड आणि ड्रॉपिंग पॉइंट मात्र गायब असून त्या जागी ‘नवीन, अधिक शक्तिशाली’ एवढेच छापले आहे. मिस्त्रींनी बेअरिंग डिझेलने धुऊन, वाळवून, तळहातावर घेतलेले ग्रीस रोलरांच्या फटींत दाबून भरले. हबच्या पोकळीतले जुने ग्रीस मात्र तसेच ठेवले, कारण पुन्हा तेच भरायचे आहे अशी आमची समजूत होती. न जुळणाऱ्या सोपची दोन ग्रीस एकत्र आली तर मिश्रण पातळ होऊन सीलबाहेर येऊ शकते, हे आपल्याला मी सांगावे असे नाही.

तीन आठवड्यांनी भरल्या गाडीने घाट उतरताना, साखरपा येण्याआधी, ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढू लागली. डावे हब उघडले तेव्हा ऑइल सीलमधून पाझरलेले ग्रीस ब्रेकच्या लायनरवर पसरलेले होते आणि आत जे उरले होते त्याला सोलकढीचा रंग आणि जवळजवळ सोलकढीचाच पातळपणा आला होता. एक्सलचे ऑइल हबमध्ये उतरलेले नाही, हे मिस्त्रींनी आधी तपासले, त्यामुळे ते कारण आपण सुचवू नये.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपल्या प्रतिनिधींनी प्रथम विचारले, “गाडी दुचाकी की चारचाकी?” मी सहाचाकी असे सांगितले. “सर, सहाचाकी हा पर्याय दिसत नाही, चारचाकी लिहिते.” बरे, लिहा. त्यानंतर मी विचारले की या ग्रीसमध्ये सोप कोणता आहे, लिथियम कॉम्प्लेक्स की दुसरा कोणता. काही क्षण शांतता. मग उत्तर आले, “सर, आमच्या ग्रीसमध्ये साबण नसतो. आपण डबा साबणाने धुतला होता का?” मी शांतपणे सांगितले की तेल आणि सोप यांच्यापासूनच हे ग्रीस बनते. त्यावर त्यांनी मला दोन मिनिटे थांबवले, कोणाला तरी विचारले, आणि परत येऊन म्हणाल्या, “सर, टेक्निकल टीम सांगते की शक्यतो गाडी पाण्यात नेऊ नका.” रत्नागिरीत, श्रावणात, मासळीच्या गाडीला हा सल्ला! त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्या हाती कागदच दिलेला नसेल. ज्या टेक्निकल टीमने हे सांगितले, त्या टीमने ग्रीस बनवले असेल तर माझ्या हबचे काय झाले ते मला समजले.

ग्रीस वाईटच आहे असे मी म्हणत नाही. ते दुसऱ्या कामासाठी उत्तम असेल. परंतु रंग तोच ठेवून, नाव तेच ठेवून आणि डब्यावरची माहिती पुसून ते विकल्यास ग्राहकाने ओळखायचे कशावरून? लाल रंग हा शेवटी रंगच असतो. सोपचा प्रकार डब्यावर छापलेला असता तर मिस्त्रींनी हबची पोकळी पुसून काढली असती. अर्ध्या तासाचे काम होते.

जुन्या व नव्या ग्रीसमधील सोप, ग्रेड आणि ड्रॉपिंग पॉइंट १५ दिवसांत लेखी कळवावेत, तसेच लायनर, सील व दोन्ही बेअरिंगांचा खर्च द्यावा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ‘व्यावसायिक वापर’ हे कारण पुढे करू नये. गाडी एकच आहे, ती मीच चालवतो आणि घर तिच्यावरच चालते.

हबमधून काढलेले ग्रीस बरणीत झाकून ठेवले आहे आणि उरलेला डबाही जपून ठेवला आहे. नमुना तपासायला माणूस पाठवण्यापूर्वी माझ्या तक्रारीत लिहिलेले ‘चारचाकी’ तेवढे दुरुस्त करावे.

आपला (अजून तरी) ग्राहक,
एक ट्रकमालक व चालक, रत्नागिरी