तुझ्या कथेतला मुलगा

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

कथा वाचली. पर्वरीच्या फ्लॅटमधला मुलगा, बाप बोटीवर, आई दिवसभर पणजीला कामावर, बारावीनंतर दोस्त पांगलेले. इथवर सगळं खरं वाटतं. पण दुसऱ्याच पानावर तो एका ऑनलाइन ग्रुपवरचे द्वेषाचे चार व्हिडिओ बघतो आणि पेटून उठतो, ते मला अजिबात पटलं नाही.

असं कोणी बिघडत नाही रे. द्वेष मागाहून येतो, आधी कोणीतरी विचारपूस करतं. कमिला शम्सीच्या ‘होम फायर’ कादंबरीतला (२०१७) परवेझ आठव. जुळी बहीण कॉलेजात रमलेली, थोरली अमेरिकेला गेलेली, हा लंडनमध्ये भाजीच्या दुकानात. ज्या बापाबद्दल घरात चकार शब्द निघत नाही, त्याच्या शौर्याच्या गोष्टी इसिससाठी पोरं गळाला लावणारा फारूक त्याला सांगतो. पोराला आवाज रेकॉर्ड करायचा नाद, आणि सीरियात, इसिसच्या रक्का शहरात जाऊन त्याला त्याच नादाचं काम मिळतं! त्यांच्या भेटी प्रत्यक्ष होतात, हे खरं. पण तुझ्या ग्रुपच्या ॲडमिननेही आधी असंच त्या पोराचं दुखणं हेरायला हवं.

‘ॲडोलसन्स’ (२०२५) ही मालिका तू पाहिलीस, पण तिसरा भाग पुन्हा बघ. शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला १३ वर्षांचा जेमी, आणि समोर मानसतज्ज्ञ. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपलं अर्धं सँडविच देते. तो हसतो, थट्टा करतो, आणि क्षणात कप उडवून तिच्यावर ओरडतो. ही शेवटची भेट, असं ती सांगते तेव्हा त्याला ओढून नेताना तो आकांत करतो: मी तुला आवडतो की नाही, सांग! बायकांना तुच्छ लेखायला शिकलेला पोरगा हे विचारतो. माझ्या तर अंगावर काटा आला. तो ऑनलाइन काय बघायचा, हे मालिका जवळजवळ दाखवतच नाही. आईबापांइतकेच आपणही दाराबाहेर राहतो. तुझे ते व्हिडिओ मला म्हणूनच नकोत.

आणि हा मुलगा गोव्याचा आहे, ते कथेत दिसू दे. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात बुजऱ्या पोरालाही काही ना काही मिळायचं. भाला घेऊन उभं राहायचं, नाहीतर पडदा ओढायचा. तालमीला दांडी मारली तर कोणीतरी घरी हाक मारायला यायचं. पर्वरीच्या त्या मुलाला तशी हाक फोनवरूनच येते, रात्री एक वाजता, “जेवलास का?” म्हणून. तिथून सुरुवात कर. पुढची दहा पानं नुसत्या गप्पाच असल्या तरी चालतील. वाचणाऱ्यालाही तो ॲडमिन आवडायला लागला पाहिजे, तरच पुढे भीती वाटेल.

आईला मात्र दोषी ठरवू नकोस. तिचा सहा वाजताच्या बसमधला प्रसंग तुझ्या कथेत सगळ्यात चांगला उतरलाय, त्याला हात लावू नको.

चवथीला येशील तेव्हा नवा खर्डा घेऊन ये. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली की बसून वाचू.

तुझा,
दोस्त