चांदचे पुढे काय झाले

सोलापूर,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीच्या मागे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून मला एक पांढरी घोडी उभी दिसली. वरातीत मिरवणारी असावी, कारण तिच्या आयाळीत जरीचे एक-दोन धागे अडकलेले होते आणि कपाळावर कुंकू वाळून गेले होते. पण गळ्यात दोर नव्हता, जवळपास माणूस नव्हते आणि बरगड्या रस्त्यावरूनही मोजता येत होत्या. दुपारचे दोन वाजले होते. भिंतीची सावली हातभरही नव्हती आणि तेवढ्या सावलीत तिने आपले डोके तरी मावावे म्हणून मान वाकडी करून ठेवली होती. मी गाडी थांबवली, आणि कितीतरी वेळ तिच्याकडे न जाता तसाच उभा राहिलो. तुझ्याशिवाय हे कोणाला लिहावे, असा दुसरा माणूस मला नाही. आपल्या शाळेच्या टांग्याचा घोडा चांद मला इतकी वर्षे अधूनमधून आठवत आला आहे. परंतु आपण दोघे इतक्यांदा भेटलो, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत जेवलो, आणि त्याच्याविषयी एक अक्षर बोललो नाही. आज मला बोलायचे आहे, आणि तुला काही विचारायचे आहे.

साखर पेठेच्या कोपऱ्यावर सकाळी साडेसहाला येणारा चाचांचा तो टांगा तू विसरला नसशील. विजापूर वेशीहून येताना दूरवरून घुंगरांचा आवाज यायचा आणि तुझ्या घरातल्या मागाच्या खटखटीतूनही तुला तो बरोबर ऐकू यायचा, याचे मला तेव्हा फार नवल वाटत असे. तांबूस रंगाचा तो घोडा, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याचे नाव चांद. शाळा सुटण्याची वाट पाहताना चाचा त्याच्या तोंडाला तोबरा बांधीत, आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या चंदीचा तो वास आपल्याला इतका आवडायचा की, तू एकदा त्यातला मूठभर खाऊनही पाहिला होतास. चाचा त्याला रोज खरारा करीत, चढ आला की स्वतः खाली उतरून चालत, आणि चाबूक बहुतेक वेळा टांग्याच्या टपाला खोचलेलाच असे. आपण मात्र खाली उतरत नव्हतो. आपण नऊ जण होतो. पुढे मोठेपणी मी ओझ्याच्या जनावरांविषयीचे १९६५ सालचे नियम वाचले. त्यांत लिहिले आहे की, अशा गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुले वगळता चारांपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत, जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक जुंपू नये, आणि तापमान ३७ अंशांच्या वर गेले असेल तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याच्याकडून काम घेऊ नये. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत ३७ अंशांच्या खालची दुपार कोणी पाहिली आहे? आपली शाळा साडेबाराला सुटत असे.

मग १९८३ च्या मार्चमध्ये आपल्या पेठेत शाळेची रिक्षा सुरू झाली. तुझ्या अप्पांनी आणि माझ्या वडिलांनी एकाच आठवड्यात आपली नावे टांग्यातून काढून रिक्षात घातली, कारण वेळ वाचत होता आणि पावसात दप्तरे भिजणार नव्हती. बाकीच्यांचेही तसेच झाले. आपल्याला त्या रिक्षाचा केवढा आनंद झाला होता! नऊ मुलांच्या महिन्याच्या पैशांवर चांदचा हरभरा आणि घास येत होता, हा हिशेब आपल्यापैकी कोणाच्याही घरी कोणी मांडला नाही, आणि आपण तर अकरा वर्षांचे होतो.

मे महिन्यात तो होम मैदानावर दिसला. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या वेळी ज्या मैदानावर पाळण्यांच्या आणि पालांच्या गर्दीत आपण एकमेकांचा हात सोडत नव्हतो, तेच मैदान उन्हाळ्यात नुसत्या फुफाट्याचे होऊन जाते. एका बाजूला सिद्धेश्वरांचे मंदिर आणि तलाव, दुसरीकडे भुईकोट किल्ला, आणि मधल्या त्या रखरखीत उजाडपणात एका कडुनिंबाखाली तो उभा होता. प्रथम तूच ओळखलेस. तू त्याच्या नावाने हाक मारलीस तेव्हा त्याचे कान हलले. जवळ गेल्यावर दिसले की, छातीवर आणि पाठीवर जिथे पट्टे घासत होते तिथे जखमा उघड्या पडल्या होत्या, त्यांवर माश्या बसल्या होत्या, आणि पुढचा डावा पाय तो जमिनीवर पूर्ण टेकवीत नव्हता. साज, घुंगरे, लगाम सगळे काढून घेतलेले होते. पायांत नाल तेवढे राहिले होते.

त्यानंतर त्याने जे केले ते मला आजही जसेच्या तसे दिसते. आपल्याला पाहून तो हळूहळू वळला, आपल्याकडे पाठ करून ताठ उभा राहिला, मान सरळ केली, आणि एक-एक पाऊल मागे सरकत थांबला. टांग्याच्या दोन दांड्यांमध्ये शिरताना तो रोज सकाळी जसा उभा राहायचा, तसा. आता कोणीतरी दांड्या खाली घेईल आणि पट्टा आवळील, याची वाट पाहत तो किती वेळ तसा राहिला कोण जाणे. तू पुढे जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवलास. मी तिथेच उभा होतो.

पाणी ही पहिली अडचण होती. आपल्या पेठेत नळाला ठरावीक वेळी पाणी यायचे आणि घरातली घागर न् घागर आईच्या हिशेबात असायची. त्यातून बादलीभर पाणी काढणे म्हणजे चोरीच होती, आणि ती चोरी आपण दोघांनी आळीपाळीने केली. बादलीच्या कडीत काठी घालून, दोघांच्या खांद्यांवर तोलत, हिंदकळत, निम्मे पाणी आपल्याच पायांवर सांडत आपण तिथवर जायचो. त्याने तोंड घातले की बादली क्षणात रिकामी व्हायची आणि तो तळाचा पत्रा ओठांनी चाचपत राहायचा. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त, हे मला गेल्या पंधरवड्यात समजले. आपण त्याला फार तर दोन अर्ध्या बादल्या देत होतो आणि आपल्याला वाटत होते की आपण त्याला पोटभर पाणी पाजले.

जखमांचे सगळे तू केलेस. मागावरचे टाकाऊ सूत तू खिशात कोंबून आणायचास, त्याचा बोळा करून जखमा पुसायचास आणि घरून चोरलेली हळद तेलात कालवून लावायचास. तुझी अम्मा विड्या वळता वळता तुला हाका मारीत राहायची आणि तू पिवळ्या बोटांनी घरी जाऊन मार खायचास. मी माश्या हाकलीत असे. मला त्या जखमांकडे बघवत नव्हते, हे तुला तेव्हाही कळले असेल.

आणि भाकरी! आपण आपल्या वाटणीची कडक भाकरी नेत होतो. तो ती तोंडात घ्यायचा, दोन-चार वेळा जबडा हलवायचा आणि अर्धवट चघळलेला गोळा खाली टाकून द्यायचा. गवताचेही तेच. चाचा सोडून गेल्याच्या दुःखाने त्याने अन्न सोडले आहे, असा आपण दोघांनी निष्कर्ष काढला आणि तीन दिवस त्याच समजुतीत राहिलो. चौथ्या दिवशी मी आजीला सांगितले. तुला आमची आजी आठवते; तिच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता आणि ती आमटीत भाकरी कुस्करून जेवत असे. माझे बोलणे पुरे होण्याआधीच ती म्हणाली, "अरे, भूक न्हाई असं न्हवं. त्याला चावत नसंल. माझ्यावानी." तिने ॲल्युमिनियमच्या पातेल्यात दोन भाकऱ्या कुस्करल्या, त्यांत पाणी आणि गुळाचा खडा घातला, आणि भिजेपर्यंत आपल्याला थांबवून ठेवले. त्या संध्याकाळी चांदने ते पातेले चाटूनपुसून साफ केले. आपण दोघे धुळीत बसून पाहत होतो आणि तू तुझ्या तेलुगूत त्याच्याशी काहीबाही बोलत होतास.

आता मी जे लिहिणार आहे ते मी तुला कधी सांगितलेले नाही. पुढे चार दिवसांनी, मी मंगळवेढ्याला मामाकडे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, आपण गेलो तेव्हा तो आडवा पडलेला होता. तू त्याच्या मानेखाली हात घालून हाका मारल्यास, त्याने दोनदा मान उचलली आणि पुन्हा खाली टाकली. पातेले तसेच भरलेले राहिले. अंधार पडला म्हणून आपण परतलो. त्या रात्री मी जेवलो नाही. आईने कारण विचारले, मी सांगितले, आणि ती थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "उद्याच्याऐवजी परवाच्या गाडीने जाऊ या का रे?" मी म्हणालो, "नको, उद्याच जाऊ." तिने पुन्हा एकदा विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो. सकाळी एसटी शहराबाहेर पडली तेव्हा मला इतके हलके वाटले की, मी खिडकीतून डोके बाहेर काढून वारा घेत होतो. जूनमध्ये परत आल्यावर तू मला एवढेच म्हणालास, "तू थांबला नाहीस." आणि मी तुला सांगितले की, आई ऐकायला तयार नव्हती. ते खोटे होते. माझी आई गेली त्याला आता सहा वर्षे झाली. तिच्या नावावर टाकलेला हा दोष मला आता तिथे ठेवायचा नाही.

तू त्यावर काहीही बोलला नाहीस. मी एकटा मैदानावर जाऊन आलो. मृगाचा एक पाऊस पडून गेला होता आणि कडुनिंबाखाली खुराने उकरल्यासारखा एक खळगा होता, बाकी काही नव्हते. मी मनाशी ठरवून टाकले की, तो त्याच रात्री गेला. मी थांबलो असतो तरी काही झाले नसते. या समजुतीवर मी पुष्कळ वर्षे काढली. आजी जाण्याच्या आदल्या वर्षी, मी पुण्याहून सुट्टीत आलेलो असताना, ती सहज बोलून गेली की, आम्ही गावाला गेल्यावर "तो मागवाल्यांचा पोरगा" रोज संध्याकाळी येऊन पातेले भरून नेत होता. किती दिवस, म्हणून मी विचारले. सतरा, ती म्हणाली. तिने मोजले होते. अठराव्या दिवशी तू पातेले राखेने लख्ख घासून परत आणून दिलेस आणि काही न बोलता निघून गेलास. सतरा दिवस, मित्रा. म्हणजे तो उठला होता.

चाचांविषयी मी बरीच वर्षे मनात राग धरून होतो. आता तो राग पूर्वीसारखा राहिलेला नाही, कारण ज्या माणसाला स्वतःच्या घरची चूल पेटवण्याची भ्रांत होती, त्याने रोजचा हरभरा कोठून आणावा, हे मला समजते. तरीही लंगडत्या घोड्याला रात्रीतून मैदानात सोडून जाणे मला पटत नाही, आणि ते पटवून घ्यावे असेही वाटत नाही. कोणाच्या तरी दारात बांधून, हात जोडून, सांगून तरी जायचे होते.

घोडीचे सांगायचे राहिले. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी तिचा जबडा उघडून मला आत बघायला लावले. घोड्याचे दात आयुष्यभर थोडे थोडे वर येत राहतात आणि चावण्याने झिजत राहतात. ती झीज एकसारखी झाली नाही की कडांना धार येते, गाल आणि जीभ कापली जाते, आणि मग घास गोळा होऊन बाहेर पडतो. त्यांनी कानशीने त्या कडा घासल्या आणि भिजवलेला कोंडा द्यायला सांगितले. मी त्यांना आजीचे वाक्य सांगितले तेव्हा ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मी आडव्या पडलेल्या घोड्याविषयीही विचारले. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. आजारी घोडा मात्र फार वेळ पडून राहिला तर त्याचे वजनच त्याच्या स्नायूंवर आणि फुप्फुसांवर दाबते, म्हणून त्याला उठवावे लागते, असे त्यांनी सांगितले. चांद त्या संध्याकाळी मरत होता की नुसता थकून झोपला होता, ते मला कळायला आता मार्ग नाही. मी एक रात्रही थांबून पाहिले नाही.

मालकाविरुद्ध तक्रार करावी म्हणून मी चौकशी केली. जनावराला उपाशी-तहानलेले मरायला सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या खेपेस त्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. दहा रुपयांत आज कोंड्याचे एक घमेलेही येत नाही. तक्रार मी तरीही लिहून दिली. घोडी सध्या हिप्परग्याच्या वाटेवरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे. मी रोज सकाळी जातो, कोंडा भिजवतो, आणि या वेळी जखमा मीच पुसतो.

तेव्हा मला हे सविस्तर लिही. दुसऱ्या दिवशी तू गेलास तेव्हा तो उभा होता का? त्याला उठवायला तुला कोणी मदत केली? बादली एकट्याने कशी नेलीस? आणि सतराव्या दिवशी काय झाले? जे असेल ते लिही, माझ्यासाठी काही सौम्य करू नकोस. बोटे दुखत असतील तर मुलाला सांगून लिहव, पण फोनवर सांगू नकोस. मला ते तुझ्या शब्दांत कागदावर हवे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
साखर पेठेतला मित्र