तीन क्वार्टरबॅक, एकच चूक

मा. संपादक,

सिडनी कसोटी हरल्यापासून आपल्या पत्रांच्या सदरात फलंदाजांची सालटी निघताहेत. इथे नेपरव्हिलला बसून मी ई-पेपरवर ती पत्रं चवीने वाचते. त्याच ५ जानेवारी २०२५ ला आमच्या शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोसमही संपला. १७ सामन्यांत ५ विजय. शेवटच्या दिवशी ग्रीन बेला २४-२२ असं हरवलं खरं, पण त्याआधी सलग १० सामने घालवले होते. इथल्या मराठी घरांत आता क्रिकेटइतकंच बेअर्सवरूनही वाजतं. ज्यांची मुलं-नातवंडं शिकागोकडे आहेत, त्यांच्या कानावर फोनवरून हे गाऱ्हाणं आलंच असेल.

सगळा राग केलेब विल्यम्सवर निघतो. २३ वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा; २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलेला. नाताळात आम्ही काही कुटुंबं जमलो होतो, तिथे एका गृहस्थांनी जेवता जेवता निकालच देऊन टाकला: ‘दुसऱ्या क्रमांकाचा जेडन डॅनियल्स वॉशिंग्टनला कुठल्या कुठे घेऊन गेला, आपला मात्र आडवाच पडलेला असतो!’

पडलेला असतो, हे खरं. पण पडतो का? क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात, त्याला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून देणं हेच त्यांचं काम. ती फळी फुटली की चेंडू हातात असतानाच तो लोळवला जातो. त्याला म्हणतात सॅक. विल्यम्सचे या मोसमात ६८ सॅक झाले. एका मोसमात याहून जास्त मार आजवर दोघांनीच खाल्लाय. काही सॅक त्याच्या स्वतःच्या नावावर टाका; चेंडू फार वेळ धरून ठेवतो, हे मलाही दिसतं. तरी ३,५४१ यार्डांच्या फेकी, २० टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोचवणं) आणि फक्त ६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी), हे काही वाया गेलेल्या पोराचे आकडे नव्हेत.

ऑफेन्सचं, म्हणजे चढाईचं म्हणाल तर नोव्हेंबरात अ‍ॅरिझोनाविरुद्ध ९ गुण, पुढच्या आठवड्यात घरच्या मैदानावर न्यू इंग्लंडविरुद्ध ३. दोन सामन्यांत मिळून एकही टचडाउन नाही! त्या दुसऱ्या सामन्यात विल्यम्सला नऊदा पाडलं. मग चढाईचे डावपेच आखणारे कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन यांना घरी पाठवलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये २३-२० असे मागे असताना घड्याळ पळत राहिलं, ते थांबवायचा हातातला टाइमआउट तसाच राहिला. पोरगा गोंधळला हे मान्य, पण मैदानाच्या कडेला उभे असलेले मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस कशासाठी होते? दुसऱ्या दिवशी त्यांनाही काढलं. मोसमाच्या मध्येच मुख्य प्रशिक्षक काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

माझं म्हणणं इथेच आहे. २०१७ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून मिच ट्रुबिस्कीला घेतलं (पुढे मोठा तारा झालेल्या पॅट्रिक माहोम्सला सोडून, ते दुःख वेगळंच), मोसम संपताच मुख्य प्रशिक्षक जॉन फॉक्स यांना काढलं. २०२१ मध्ये जस्टिन फील्ड्स आला, मोसम संपताच प्रशिक्षक मॅट नेगी यांना काढलं. २०२४ मध्ये विल्यम्स आला, तर एबरफ्लूस मोसमही पुरा करू शकले नाहीत. जाणार हे दिसत असलेल्या प्रशिक्षकाच्या हाती नवं पोर सोपवायचं आणि वर्षाच्या आत त्याचा गुरू बदलायचा. दुसऱ्या वर्षी नवी भाषा, नव्या खुणा, नवे डावपेच. तिन्ही वेळा क्वार्टरबॅक वेगळे होते, मालक तेच होते.

२६ डिसेंबरला मुलाने तिकिटं काढली म्हणून सोल्जर फील्डवर गेले होते. सिअ‍ॅटलविरुद्ध ६-३. हा फुटबॉलचा स्कोअर आहे, हॉकीचा नव्हे! स्टँडमधून ‘सेल द टीम’ घुमायला लागलं आणि मीही घसा मोकळा करून घेतला. संघ विकतील यावर माझा काडीचा विश्वास नाही. संघ उभा करणाऱ्या जॉर्ज हॅलास यांच्या कन्या, मालकीण व्हर्जिनिया मॅकास्की मोसमाच्या शेवटच्या दिवशीच १०२ वर्षांच्या झाल्या होत्या, आणि संघ १९२१ पासून त्याच घराण्याकडे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये हे लिहिताना नव्या प्रशिक्षकासाठी मुलाखती चालू होत्या. बचावाचे पंडित पुष्कळ झाले, या खेपेला ऑफेन्स स्वतः रचणारा माणूस आणा. पुढच्या पाचांच्या फळीवर आधी पैसे खर्च करा, चेंडू झेलणारे रिसीव्हर मागाहून बघू. आणि प्रशिक्षक व विल्यम्स या दोघांना निदान तीन वर्षं एकत्र राहू द्या. तोवर आमच्या जेवणावळीतल्या तज्ज्ञांनी पुढच्या ड्राफ्टमधल्या क्वार्टरबॅकची नावं घेऊ नयेत, एवढी विनंती.

– एक वाचक, नेपरव्हिल (इलिनॉय)