नर्मदा आली

रामबाग, इंदूर

प्रिय दिल्या,

स. न. वि. वि. वगैरे तुला चालायचं नाही, तेव्हा थेट भांडणावर येतो.

परवा ह्यूस्टनहून म्हणालास, "बाहेर चाळीस, आत वीस, चोवीस तास एसी. देवाची कृपा आहे रे!" त्या 'कृपे'वर माझे पोहे घशात अडकले. तुझा तरी काय दोष? तुमच्याकडे तो सरकारी शब्द आहे. मे 2001 मध्ये बुशसाहेबांच्या प्रवक्त्याला, एरी फ्लायशरला, पत्रकाराने विचारलं होतं: अमेरिकन माणूस दरडोई एवढी ऊर्जा वापरतो, तर त्याने राहणी बदलावी असं अध्यक्षांना वाटतं का? उत्तर आलं, मुळीच नाही, अमेरिकी जीवनपद्धती 'ब्लेस्ड' आहे. संपलं! एकदा प्रसाद म्हटला की किती घेतलास हे कोण विचारणार? शिऱ्याची तिसरी मूद मागणाऱ्याला माझ्या आजीनेही कधी हटकलं नाही.

तुमचे जुने अध्यक्ष जिमी कार्टर मात्र पक्के कीर्तनकार. बाप्टिस्ट, संडे स्कूलमध्ये शिकवणारे. 1979 साली इराणच्या क्रांतीनंतर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा ठरलेलं भाषण रद्द करून हा गृहस्थ कॅम्प डेव्हिडच्या डोंगरात जाऊन बसला. माणसं बोलावून स्वतःवरची टीका ऐकून घेतली. 15 जुलैला टीव्हीवर आला तो पूर्वरंगासकट: आपण चैनीची आणि उपभोगाची पूजा करू लागलोय, वस्तूंचे ढीग रचून आयुष्याची पोकळी भरत नाही. मग उत्तररंगात सहा कलमं. परदेशी तेल 1977 पेक्षा जास्त कधीच वापरायचं नाही, हे पहिलंच. शिवाय विनाकारण गाडी काढू नका, थर्मोस्टॅट सांभाळा. गंमत म्हणजे कीर्तन लोकांना आवडलं, लोकप्रियता वाढली! पण दोनच दिवसांत त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि रंगाचा बेरंग झाला.

मला देवाचं नाव दोघांच्याही तोंडी खटकतं, पण सारखं नाही. कार्टरच्या धर्मात निदान माप होतं.

आता तू आमच्यावर घसरशील. घसर. नेहरूंना भाक्रा-नांगल देवळाच्या जागी दिसलं. 22 जानेवारी 2024 ला अयोध्येचा सोहळा आटोपताच मोदींनी एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेलं बसवायची घोषणा केली, तीही सूर्यवंशी रामाचं नाव घेऊन. आणि आपण इंदूरकर? नळ सुटला की गल्लीभर "नर्मदा आली!" जशी काही मैया परिक्रमा करत स्वतःच दारी आली. येत नाही ती, भिया! सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणावी लागते, 1978 पासून रोज. त्या विजेच्या बिलाने महापालिका इतकी टेकीला आली की फेब्रुवारी 2023 मध्ये बाजारातून 244 कोटींचे ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, उभे केले, खरगोन जिल्ह्यात 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. मंगळागौरीपासून गणपतीपर्यंत सगळीकडे "नर्मदे हर" म्हणणाऱ्या आमच्या आळीत हे बिल किती जणांना ठाऊक असेल? मलाही जलूदला जाऊन ते धडधडणारे पंप पाहीपर्यंत नव्हतं. कानठळ्या बसल्या, बाहेर आल्यावर अर्धा तास कोणाचं काही ऐकू येईना.

तेव्हा पुढच्या फोनला कृपा सांगू नकोस, महिन्याचे युनिट सांग. माझे 212. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणखी लिहिणार होतो, पण खाली हिने हाक मारलीय. नर्मदा आली. मोटर लावायला पळतो.

तुझा,
बंड्या