झिजलेला ड्रम सोडून टोनर आणि फ्यूजर बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: लेझर प्रिंटरच्या ड्रमचा काउंटर चुकीने रीसेट केल्याबाबत आणि त्यामुळे झालेल्या अनावश्यक दुरुस्तीच्या परताव्याबाबत

महोदय/महोदया,

ड्रम (ज्यावर टोनरची, म्हणजे छपाईच्या पुडीची, प्रतिमा आधी उमटते आणि मग कागदावर जाते तो लेप दिलेला रूळ) झिजला ही आमची तक्रार नाही. ड्रम झिजतोच, तुमच्याच पुस्तिकेत त्याचे आयुष्य 12,000 पाने दिले आहे. तो संपत आल्याचे मशीन आम्हाला सांगणार होते. तुमच्या इंजिनिअरने ते सांगणेच बंद केले आणि पुढे भलत्याच भागांची बिले आमच्या नावावर लागली, ही तक्रार आहे.

पहिल्या भेटीत टोनर संपला होता आणि तो बदलणे योग्यच होते. पण टोनर बदलताना ड्रमचा काउंटरही, म्हणजे ड्रमने छापलेली पाने मोजणारा आकडा, रीसेट केला गेला. मशीनच्या सेटिंग्ज पानावर 'ड्रम बदल: 1' अशी नोंद आहे. प्रत्यक्षात ड्रम एकदाही बदललेला नाही. युनिटवरचा अनुक्रमांक खरेदीच्या वेळचाच आहे. त्या दिवशी एकूण पाने 10,640 होती, म्हणजे ड्रमचे जेमतेम 11 टक्के आयुष्य उरले होते. आज एकूण पाने 14,860 आहेत. रीसेटनंतरची 4,220 पानेच मोजली गेल्यामुळे काउंटर ड्रम अजून 65 टक्के शिल्लक दाखवतो. पुढच्या दोन्ही भेटींच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये याच काउंटरचा आकडा लिहून 'ड्रम ठीक' असा शेरा मारला आहे.

काउंटर फक्त मोजतो, ड्रमचा पृष्ठभाग त्याला दिसत नाही. पृष्ठभागाचा दोष कागदावर दिसतो, आणि कागद काय सांगतो ते असे.

पानाच्या दोन्ही कडांना करडी झाक येते आणि एक काळा ठिपका ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा उमटतो. फूटपट्टीने मोजले तर ते अंतर 94 मिमी भरते. ड्रमचा व्यास 30 मिमी आहे, त्याला 3.14 ने गुणले की घेर 94 मिमी येतो. 297 मिमी लांबीच्या ए4 पानावर हा ठिपका तीनदा, क्वचित चारदा येतो. डेव्हलपर रोलर (ड्रमला टोनर देणारा) आणि फ्यूजरचे (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाचे) रोलर यांचे घेर वेगळे आहेत, त्यांचा दोष असता तर अंतरही वेगळे पडले असते. ही मोजणी दोन मिनिटांची आहे. दोन भेटींत ती कोणीच केली नाही.

दुसऱ्या भेटीत करड्या झाकेवर उपाय म्हणून टोनर कार्ट्रिज बदलले. काढलेले कार्ट्रिज आम्ही ठेवून घेतले होते. ते याच मॉडेलच्या दुसऱ्या मशीनमध्ये घातले तर छपाई स्वच्छ येते. उलट आमचा ड्रम त्या मशीनमध्ये बसवला की ठिपका आणि झाक दोन्ही तिकडे जातात, आणि त्या मशीनचा ड्रम आमच्यात घातला की आमचे पान स्वच्छ. इथेच निदान संपते.

तिसऱ्या भेटीत फ्यूजर बदलला. फ्यूजर पुरेसा तापत नसेल तर छापलेली अक्षरे बोटाने घासल्यावर पुसली जातात; आमची कधीच पुसली गेली नाहीत. शिवाय पान अर्धे छापून होताच झाकण उघडून मशीन थांबवले आणि ड्रम बाहेर काढला, तेव्हा कागदाला न लागलेल्या प्रतिमेतही तो ठिपका होता. जो दोष कागदावर जाण्याआधीच ड्रमवर आहे, तो फ्यूजरचा कसा असेल? (त्याच भेटीत कोरोना वायर, म्हणजे ड्रमला विद्युतभार देणारी तार, साफ करून तिचा सरकता खटका मूळ जागी न आणल्याने पानावर उभा काळा पट्टा येऊ लागला. खटका बाणाच्या खुणेपाशी आणताच तो गेला, म्हणून त्याबद्दल वेगळी तक्रार करत नाही.)

गिअर हाताने फिरवून, छापलेले पान शेजारी धरून आम्ही ती जागा शोधली. टाचणीच्या डोक्याहून लहान जागेवरचा लेप गेला आहे आणि खालचे ॲल्युमिनियम चमकते. कोरड्या कापसाच्या बोळ्याने हळूच पुसून पाहिले. डिंक किंवा कागदाचा कण असता तर निघाला असता. तिथे विद्युतभार टिकत नाही, आणि जिथे भार टिकत नाही तिथे टोनर चिकटतो, म्हणून पांढऱ्या पानावर काळा ठिपका. कडांच्या करड्या झाकेचे कारणही तेच: ड्रमवर उरलेला टोनर खरवडणाऱ्या ब्लेडच्या घासण्याने तिथला लेप पातळ झाला आहे.

ड्रम 'कन्झ्युमेबल' (वापरून संपणारा भाग) असल्याने वॉरंटीत बसत नाही, असे तुमचे उत्तर आले आहे. ते मान्य आहे, नव्या ड्रमचे पैसे आम्ही देऊ. मात्र दुसऱ्या भेटीतील कार्ट्रिज, तिसऱ्या भेटीतील फ्यूजर आणि या दोन्ही भेटींचे शुल्क परत मिळावे. दोन्ही सर्व्हिस रिपोर्टमधला 'ड्रम ठीक' हा शेराही लेखी दुरुस्त करून द्यावा.

नवा ड्रम आमच्यासमोर बसवावा. त्याची काळी पिशवी फाटलेली नसावी आणि मशीन तयार होईपर्यंत ती उघडू नये, कारण उजेडाने ड्रम खराब होतो. मागच्या वेळी ड्रम खिडकीजवळच्या टेबलावर पंचवीस मिनिटे उघडा पडला होता, वर साधा कागदही नव्हता. पृष्ठभागाला बोट लावू नये, युनिट दोन्ही टोकांना धरावे. जुन्या युनिटमधून टोनर कार्ट्रिज सोडवून नव्यात खट्ट आवाज येईपर्यंत बसवावे, मगच मशीनमध्ये सरकवावे. काउंटर त्यानंतर रीसेट करावा, आणि तो ड्रमचाच आहे हे पडद्यावर वाचून. शेवटी करड्या छटेचे एक पूर्ण पान छापून 94 मिमीवर काही उमटते का ते मोजून दाखवावे.

सेटिंग्ज पान, ठिपक्यांच्या जागा खुणावलेली तीन पाने आणि तिन्ही भेटींच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. काढलेले कार्ट्रिज तपासणीसाठी आमच्याकडे ठेवले आहे.

कळावे,
आपला ग्राहक